सोनाळ्याच्या ट्रकला दिवे

ये गं सुमे, अशी जवळ ये. तू पुण्यात आणि मी इथं, म्हणून कागदावरच बोलवतेय, पण वाचताना तरी मांडी घालून स्वस्थ बस. बहिणीची लेक म्हणून तुला सगळं माफ असतं, पण या खेपेचं पत्र मला आवडलं नाही. "मावशी, तू म्हणे ट्रकात बसून दिवे शोधत जिल्हाभर हिंडलीस!" असं लिहून खाली नुसतं हसणं. हसायला काय झालं? तुमच्या रस्त्याला खांब असतात आणि खांबाला दिवे. आमच्या डोंगरातल्या गाडवाटेवर ज्याचा उजेड त्यानंच न्यावा लागतो. तेव्हा हसून झालं असेल तर नीट ऐक, आणि तिथल्या ज्या चार बाया वऱ्हाडात कधी आल्या नाहीत त्यांनाही वाचून दाखव. मी लिहिताना पुस्तकातल्यासारखं लिहायला बघते, पण माणसं जशी बोलली तशीच बोलू देणार आहे.

सोनाळा

आमचं गाव सातपुड्याच्या पायाशी. गावाच्या वर, डोंगराला टेकून भाजीचे मळे आहेत. वांगी, मिरची, टमाटे आणि सांभार. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर गं, नाहीतर म्हणशील मावशीनं हरीण पेरलं. ही भाजी दिवसभर खुडायची, अंधार पडता पडता ट्रकात भरायची आणि सकाळी खामगावच्या बाजारात उतरवायची. बैलगाड्या होत्या तेव्हा सांभार रस्त्यातच मान टाकायचा. माझ्या धाकट्या दिरानं, महादूनं, जुना ट्रक घेतला आणि मळेवाल्यांचं बस्तान बसलं. महादूच ट्रक चालवतो. चालवतो चांगला, पण बोलतो त्याहून चांगला.

मळ्यांच्या वाटेत एक नाला आहे. वाट अगदी त्याच्या काठावर येते आणि तिथंच वळते. ट्रकचे दोन दिवे नाकासमोर बघतात. वाट वळते, दिवे वळत नाहीत. कितीतरी वर्षांमागच्या एका कार्तिकात, संध्याकाळी माल भरून ट्रक खाली येत होता. पोत्यांवर खुडणाऱ्या बाया बसलेल्या, त्यांत आमची वेणू. वेणू म्हणजे महादूची बायको, माझी धाकटी जाऊ. वळणावर मागचं चाक काठावरून घसरलं, माती सुटली आणि ट्रक एका अंगाला कलला. वांग्यांची पोती नाल्यात गेली. बाया दोऱ्या धरून राहिल्या म्हणून राहिल्या.

वेणू खाली उतरली, लुगडं झटकलं, घरापर्यंत चालत आली आणि चुलीपुढं बसून मला म्हणाली, "बाई, म्या सगळ्या बायायले सांगतलं. अंधारात आमी त्या ट्रकात बसणार नाई, अन अंधारात मालही भरणार नाई. भरतीन मळेवाले त्यायचे त्यायनं."

महादू दारात उभा होता. "जादा दिवे लावतो न मी! दोन मोठे फोकस लावतो. मंग?"

वेणूनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघूनच बोलली. "बाई, यायले काई समजत नाई. हे आणतीन चमकणारं. तुमी जा संग. तुमी सांगसान का नाल्याचा काठ दिसते, तं मी बायायले सांगीन. नाई तं नाई."

आता बघ. बाया भरणार नाहीत तर माल सकाळी भरायचा, दुपारी बाजारात पोचायचा, म्हणजे सुकलेला. आणि जळगाव जामोदकडचा एक ट्रकवाला मळेवाल्यांच्या ओट्यावर आधीच चहा पिऊन गेला होता. मळेवाले भले, म्हणाले पुढच्या बाजारापर्यंत थांबतो. पण मला ट्रकाची काळजी थोडी आणि दुसरीच जास्त होती. मी 'हो' म्हटलं की बाया पोत्यांवर चढणार. माझ्या एका शब्दावर वेणू चढणार. दिवा मी निवडायचा आणि त्याच्या उजेडात बसायचं तिनं. पण गेले.

खामगाव

पहाटे वाळल्या मिरचीची पोती भरून निघालो. मिरची दिवसा नेली तरी सुकायची भीती नाही. वरवट गेलं, पूर्णा ओलांडली, शेगावला महादूनं कचोरी खाल्ली आणि मी दुरून महाराजांना हात जोडले. खामगावच्या वेशीपासून कापूस सुरू. रस्त्याच्या बाभळींनासुद्धा गाड्यांतला कापूस अडकून बाभळीच फुटल्यासारख्या दिसत होत्या.

मिरची आडतीवर उतरवली आणि मोटारीच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. महादूनं आत पाऊल टाकलं आणि त्याचे डोळे वर खिळले. फळीवर एक दिवा होता. परातीएवढा, कडेला चांदीसारखी पट्टी.

"शिकारीचा फोकस हाय," दुकानदार म्हणाला. "या डोंगरावून त्या डोंगरावरचा ससा दिसते."

"आमाले ससा नाई पाह्यचा जी," मी म्हटलं. "पायाखालचा नाला पाह्यचा हाय."

"नाला काय, सगळंच दिसते माय!"

"दाखवा बरं."

त्यानं तारा जोडल्या. भर दुपारी दारात दिवा लावला. काय दिसणार? सूर्याला निरांजन दाखवल्यासारखं. मी म्हटलं, आम्ही बैल घेतो तोसुद्धा चालवून, बसवून, उठवून घेतो. हे बघून मी काय सांगू? दुकानदार म्हणाला, रात्री या. महादू म्हणाला, "वहिनी, घेऊन टाकू न. एवढा मोठा हाय, दिसंनच."

मला मात्र खामगावातली एक अंधारी जागा ठाऊक होती. आमच्या आडत्या शेटजींच्या घराच्या मागच्या अंगाला केळी पिकवायची खोली आहे. खिडकी नाही, भिंती शेणामातीनं लिंपलेल्या, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलेलं. आत शेणकुटाची धग. उन्हाळ्यात दुपारी बारालाही तिथं हात दिसत नाही. शेटजींचं नाव सांगितल्यावर दुकानदारानं तो फोकस आणि शेजारचा एक चपटा, काचेवर उभ्या रेघा असलेला विलायती दिवा, असे दोन्ही नेऊ दिले. महादूनं ट्रक खोलीच्या भिंतीला लावला, बॅटरीपासून तार ओढली आणि आम्ही आत शिरून दार लोटलं.

धूर, उकाडा आणि कच्च्या केळ्यांचा तो गोडूस तुरट वास. महादू खोकत म्हणाला, "वहिनी, आपण दिवा घ्याले आलो का पिकाले?"

"लाव तू."

फोकस लावला. समोरच्या भिंतीवर पांढरी शुभ्र ताटली उमटली. तिच्यात एक पाल बसलेली, तिच्या पायांची बोटं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. महादू म्हणाला, "पाहा! पाहा!" मी पाहायला एक पाऊल टाकलं आणि धाडकन ठेचाळले. पायाशीच केळ्यांचा भलामोठा घड होता. ताटलीत पाल दिसत होती, पण माझ्या अंगठ्यापुढचा घड दिसला नव्हता.

अंगठा धरून खालीच बसले. महादू विचारायला लागला, लागलं का, पाणी आणू का. मी म्हटलं, "पाणी राहू दे. आपला नाला कुठी हाय सांग. त्या पालीजवळ, का या घडाजवळ?"

त्यानं फोकसाची तार काढली.

मग चपटा लावला. त्याचा उजेड दूर गेला नाही. पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला, वाढणाऱ्या हातानं सगळ्या पंगतीला वाढावं तसा. कोपऱ्यातले घड, माझे पाय, गोणपाट, सगळं दिसलं. मला हवं होतं ते हेच. पण तसा एकच होता, आणि त्या एकाची किंमत ऐकून आम्ही आधीच कानाला हात लावलेला.

तेवढ्यात दार उघडलं. शेटजी स्वतः, हातात काठी. "कोन हाय बे अंदर? केळी चोरता काय?"

"मी हाय शेटजी, सोनाळ्याची."

शेटजींनी काठी खाली केली. आम्हा दोघांकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, घामाकडे पाहिलं. "बाई, या खोलीत मी चाळीस वर्सं केळी पिकवतो. माणसं पिकवाची नवी रीत काढली का तुमी?"

मग सगळी हकीकत सांगितली. जेवायला बसवलं त्यांनी. भाकर, ठेचा आणि वांग्याचं भरीत, आमच्याच मळ्यातलं, पण शेटाणीबाई त्यात साखर टाकतात. मी मुकाट्यानं खाल्लं. प्रत्येकाच्या चुलीचा धर्म वेगळा. जेवता जेवता शेटजी म्हणाले, धामणगाव बढ्याला युसूफभाई म्हणून आहेत, जुन्या गाड्यांचं सामान ठेवतात, तिथं असला चपटा मिळेल. महादू दिवे परत करायला गेला तो त्या फोकसाकडे मागे वळून बघत बघत. लग्नात मुलगी निघताना बघतात तसा.

वडनेर भोलजी

धामणगावला जायचं म्हणजे नांदुऱ्यावरून मलकापूर आणि तिथून मोताळ्याकडे उतरायचं. हा मुंबई-नागपूरचा मोठा रस्ता. ट्रकांची रांगच. वडनेरला चहासाठी थांबलो तेव्हा दिवस कलला होता. हॉटेलवाला मिरचीची भजी तळत होता आणि पुढं एक अकोल्याकडचा ट्रक उभा होता. त्याच्या केबिनच्या डोक्यावर एका ओळीत दिवे. जणू बाशिंग बांधलंय.

महादू भज्याची पुडी घेऊन तिथंच. "दादा, हे वर लावलेले बरे पडते का?"

ट्रकवाला जाडजूड, गळ्यात मफलर. "डांबरी सडकीवर एक नंबर. तू कुठी चालवतं?"

"डोंगरात. गाडवाट हाय. धूळ लय."

ट्रकवाला हसायला लागला. इतका हसला की भजं हातातून पडलं. "मंग वर लावू नको राजा. थांब, दाखवतो."

समोरून गावातली गुरं रानातून परतत होती. रस्त्याच्या कडेच्या मातीतून, शंभर खुरांची धूळ उडवत. त्यानं केबिनमध्ये हात घालून वरचे दिवे लावले. काय सांगू सुमे. पुढं पांढरं धोतर वाळत घातल्यासारखं झालं. गुरं नाहीत, रस्ता नाही, झाड नाही. फक्त उजळलेली धूळ. एका गाईचं हंबरणं आलं तेव्हा कळलं की गाय आहे.

"आता सांग," ट्रकवाला म्हणाला, "तुह्या डोळ्याजवळून उजेड गेला तं तुह्या डोळ्यापुढंच धूळ पेटते."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हे मला ठाऊकच होतं. हिवाळ्यात धुक्याचं मळ्याला पाणी द्यायला जातो ना आपण, कंदील कुठं धरतो? गुडघ्याशी. नवी सून आली की पहिल्या दिवशी तोंडापुढं धरते आणि चिखलात पडते. सासू सांगते, खाली धर गं. मीही पडले होते. महादूला म्हटलं, "कंदिलासारखं. खाली लावाचे. बंपरच्याही खाली."

"खाली लावले तं दिसाले बरे नाई दिसत वहिनी."

"दिवे दिसाले पायजे का नाला?"

ट्रकवाल्यानं माझ्यासाठी एक चहा जास्तीचा सांगितला. महादूनं उरलेली भजी एकट्यानं खाल्ली, रागानं. रात्र मोताळ्यात नात्यातल्यांच्या घरी काढली. त्यांच्याकडं आमच्यासारखं अंगणात सडा नाही, नुसता केर लोटून घेतात, पण अंथरूण इतकं ऊबदार दिलं की मी काही बोलले नाही.

धामणगाव बढे

युसूफभाईंचं दुकान म्हणजे घराच्या मागचं अंगण. चाकं, स्प्रिंगांचे पाटे, दारं, एका मोटारीचं नुसतं तोंड. त्या तोंडात कोंबडीनं अंडी घातलेली. युसूफभाई पांढऱ्या दाढीचे, तोंडात पान, बोलणं अर्धं आपलं अर्धं हिंदी.

"चपटे दिवे? है ना! चार है. पर तुमी घेणार नाई."

"काऊन?"

"कोनीच घेत नाई."

पोत्यातून काढले. तसेच रुंद, रेघांच्या काचेचे, काचा शाबूत. पण प्रत्येकाची वरची अर्धी काच काळी रंगवलेली. लढाईच्या दिवसांत मुंबईकडच्या गाड्यांना असा रंग मारायला लावत, विमानातून उजेड दिसू नये म्हणून. लढाई सरली आणि गाडीवाल्यांनी दिवे बदलले. "ज्यानं नेला त्यानं वापस आणला," युसूफभाई म्हणाले. "म्हनते आंधळा दिवा दिला."

अर्धा आंधळा म्हणून स्वस्त. आमच्या आवाक्यातले. महादूचा चेहरा फुलला. "रंगच हाय न? खरवडतो."

आणि आमची चूक झाली ती इथं. आम्ही खेडवळ माणसं, काळ्या रंगाची वस्तू दिसली की ती मळलेली आहे असंच आम्हाला वाटतं. मीच म्हटलं, "थांब, नुसतं खरवडू नको, काच जाईन. चिंच अन राख लावून घास." पितळ घासतात तसं मी स्वतः बसून एक दिवा घासला, महादूनं पात्यानं कडा काढल्या. दुपार कलेपर्यंत एक लख्ख झाला. दुसरा घ्यायला हात पुढं केला तर युसूफभाईंची बायको, तिला मी भाभी म्हणते, आतून बाहेर आली. "बस हो गया. पैले जेवा."

तिच्याकडच्या रिवाजाची मला गंमत वाटली. आम्ही तिच्या चुलीवरचं खाऊ की नाही हे तिनं विचारलंच नाही. सुपात तांदूळ, तुरीची डाळ, गूळ, तुपाची वाटी असा शिधा आणि कोरं मडकं माझ्यापुढं ठेवलं, अंगणात तीन दगड मांडले आणि म्हणाली, तुमच्या हातानं करा. विचारून अवघडवायचं नाही आणि उपाशीही ठेवायचं नाही. मी खिचडी केली. झाल्यावर मी म्हटलं, "भाभी, तुमीही बसा." ती म्हणाली, "मी बसीन, पन मंग माह्या चटनीलेही बसू द्या." लसणाची लाल चटणी होती. बसली ती चटणीही. हे तुझ्या आईला सांगू नकोस. सांगितलंस तरी काही बिघडत नाही.

जेवल्यावर महादूनं एक घासलेला आणि एक काळा असे दोन दिवे बंपरखाली तारेनं तात्पुरते बांधले. दुसरा घासायला आता वेळ नव्हता, दिवस बुडायला आला होता, आणि मला अंधारात पाहिल्याशिवाय घ्यायचं नव्हतं. गावाबाहेर खळ्याकडे जाणारी मऊ मातीची वाट होती. ट्रक तिथं उभा केला. युसूफभाई आणि भाभीही बघायला आले. बकऱ्या परतत होत्या, धूळ होतीच.

आधी घासलेला लावला. रुंद उजेड, पण खालून निघून वर चढला. धुळीत शिरला, लिंबाच्या पानांत शिरला. पान न पान उजळलं. वडनेरच्यापेक्षा बरं, पण पांढरं धोतर होतंच, थोडं विरळ. चाकाजवळचं धूसर. महादू म्हणाला, "इतकं चालते वहिनी." मी मनात वेणूला त्या पोत्यांवर बसवून पाहिलं. बसवेना.

"तो दुसरा लाव."

"तो तं आंधळा हाय."

"लाव म्हणते न!"

लावला. आणि झाड गेलं. पानं गेली, वरची धूळ गेली, सगळं काळं झालं. उजेड जमिनीवर मात्र पडून राहिला, आत्ताच कोणी सारवून गेल्यासारखा. चाकोरी दिसली. चाकोरीतले खडे दिसले. वाटेच्या कडेला एक लहानशी खाच होती तिचा काठ दिसला, काठावरचं गवत दिसलं. बकऱ्यांचे फक्त पाय दिसत होते, वर बकऱ्या नव्हत्याच. युसूफभाई पान थुंकायचं विसरले.

"काळ्यानं वरचा उजेड खाल्ला," महादू हळू म्हणाला.

"हाव. अन म्या तुह्या दुसऱ्याचं काळं दुपारभर घासून काढलं."

पहिल्यांदा भाभी हसली, मग आम्ही सगळेच. उरलेल्या दोहोंपैकी एकाची काच पोत्यात परत टाकताना तडकली होती आणि दुसऱ्याच्या आतला आरसा गंजला होता, तेव्हा घासलेल्याला पुन्हा काळं करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तयार रंग त्या गावात त्या वेळी कुठून आणणार? भाभीनं तव्याच्या बुडाची काजळी खरवडली, मी जवसाचं तेल मागितलं. जवसाचं तेल वाळतं, आमच्याकडे दारांना लावतात. दोघींनी कालवलं. ती म्हणाली, "मी लावतो. तीन पोरायच्या डोळ्यात काजळ घातलं, हात हलत नाई माहा." आणि खरंच, दुसऱ्या दिव्याच्या रेषेशी रेघ जुळवून तिनं बोटानं असं काजळ घातलं की छापल्यासारखं. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवलं आणि मग निघालो.

नाल्यावर

सोनाळ्याला पोचलो आणि महादूनं लोहाराकडून पट्ट्या करवून दोन्ही दिवे बंपरखाली पक्के बसवले. वेणू आली, वाकली, पाहिलं. "हे काय आणलं बाई? अर्धे फुटके?"

"अर्धे काळे हाय."

"तुमाले दिसलं का पण?"

"मले दिसलं," मी म्हटलं. "पण माह्या सांगण्यावर तू चढू नको. तूच पाहून घे."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तिथं उभी राहिले आणि कळलं की दुसऱ्याच्या जिवाची ग्वाही मला देववत नाही.

बाजाराच्या दोन दिवस आधीच्या संध्याकाळी रिकामा ट्रक मळ्याकडून खाली आणला. केबिनमध्ये महादू, मधे वेणू, दाराशी मी. बाया मागं येत होत्या, चालत. मळ्यांच्या कुंपणाशी मळेवाले उभे. अंधार पुरता झाला आणि नाला आला. महादूनं गाडी थांबवली आणि खालचे दिवे लावले. ट्रकानं उडवलेली आपलीच धूळ पुढं तरंगत होती.

"दिसून राह्यलं न?" महादू.

वेणू माझ्या मांडीवरून पलीकडे गेली, दार उघडलं आणि खाली उतरली. चालत ट्रकाच्या पुढं गेली. ज्या काठाची माती सुटली होती तिकडंच सरळ. महादू ओरडला, "ए, तिकडं नको जाऊ!" मी त्याचा हात धरला.

कमरेच्या वर ती अंधारात होती. तोंड दिसत नव्हतं. पण पाऊल न पाऊल दिसत होतं, पायातले वाळे, लुगड्याचा काठ आणि त्याच्या पुढं नाल्याचा काठ, तुटलेल्या मातीसकट, कापून ठेवल्यासारखा. ती त्या काठाशी जाऊन उभी राहिली. एक पाय पुढं करून अंगठ्यानं माती दाबून पाहिली. ढेकूळ सुटून खाली गेलं, आणि तेही जाताना दिसलं. मग ती काठाकाठानं वळणापर्यंत चालत गेली, जिथून चाक न्यायचं तिथं थांबली आणि वळून हाक मारली, "आता या! माह्या मांगं मांगं या!"

महादूनं गाडी हळूहळू सोडली. वेणू पुढं चालत राहिली, पाठमोरी, आणि ट्रक तिच्या टाचांमागे, बैलासारखा शांत. वळण झालं. नाला मागं राहिला. पलीकडं पोचल्यावर ती बाजूला झाली आणि अंधारात उभ्या असलेल्या बायांना म्हणाली, "उद्या सांभार दिवस बुडाल्यावर खुडू. ताजा राह्यते."

एवढंच. महादू केबिनमध्ये बसून नाक पुसत होता, म्हणाला धूळ गेली. गेली असेल.

त्यानंतर कितीतरी हिवाळे झाले. वेणू आता पोत्यांवर बसत नाही, केबिनमध्ये बसते आणि महादूला गाडी शिकवते. तो परातीएवढा फोकस अजून त्याच्या बोलण्यात येतो.

तर सुमे, आता ये. वांग्यांना बहर आलाय, हुरडा भरत आलाय, आणि धामणगावची भाभीही यायची म्हणते, तिच्याशी तुझी गाठ घालून द्यायची आहे. गाडी चुकली, उशीर झाला, शेवटची एसटी वरवटला टाकून गेली तरी घाबरू नकोस. तिथल्या हॉटेलाशी बस. अंधारात दूरवर जमिनीलगत उजेड येताना दिसला आणि वर काहीच दिसलं नाही, की ओळख, आम्ही तुला न्यायला आलो.